तज्ज्ञाचे मत आणि त्याचे क्रियापद : व्यवसायजन्य रोगांच्या भरपाईतील निःपक्षतेचा विचार

यंत्रात हात सापडला तर इजा सर्वांना दिसते. धुळीपासून झालेला रोग मात्र वर्षानुवर्षे शरीरात दडून राहतो, आणि तो कामामुळे झाला किंवा कसे, हे न्यायासनास वैद्यकीय तज्ज्ञाकडूनच जाणून घ्यावे लागते. असा तज्ज्ञ निःपक्ष असावा, याविषयी दुमत नाही. परंतु निःपक्षता ओळखावी कशी? तज्ज्ञास मानधन कोणी दिले, एवढे पाहून हा प्रश्न सुटत नाही. ती त्याच्या वाक्यांत तपासता येते, आणि हे काम भाषेच्या अभ्यासकासही करता येण्यासारखे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एकोडीसारख्या भातशेतीच्या गावातून पाहता हा विषय दूरचा वाटेल. परंतु याच भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. म्हणून मँगनीजच्या विषबाधेचेच उदाहरण घेऊ. तेथील कोणा कामगाराविषयी विधान करण्याचा हेतू नाही. ही धातू जेथे हाताळली जाते तेथे कोठेही हा प्रश्न उद्भवू शकतो. १८३७ साली कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या ग्लासगो येथील कामगारांमध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. तो मज्जासंस्थेचा विकार होय. चाल अडखळते, मागच्या मागे तोल जातो, चेहरा निर्विकार होतो, आवाज क्षीण व एकसुरी बनतो. म्हणजे ज्याने आपली हकीगत सांगावयाची त्याची वाणीच दुबळी होते, आणि तज्ज्ञाच्या शब्दांस अधिकच वजन येते.

आता कायद्याची भूमिका पाहू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि तिच्या ‘ब’ भागात मँगनीजजन्य रोगांचा समावेश होता. अशा कामात सलग सहा महिन्यांहून कमी नाही इतकी नोकरी झाली असून तो रोग जडला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो नोकरीतूनच उद्भवला असे मानावे, अशी ही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच योजना पुढे चालविली आहे. रोग जडला आहे हे कामगाराने दाखवावयाचे. तो कामामुळे झालेला नाही हे दाखविण्याचा भार मालकावर. शिवाय येथे गणिती निश्चिती अपेक्षित नसते. संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, एवढेच पाहावयाचे असते.

या पार्श्वभूमीवर तज्ज्ञाचे एक नेहमीचे वाक्य घ्या : ‘रोग कामामुळेच झाला असे निश्चितपणे सांगता येत नाही.’ वाक्य खरे आहे, सावध आहे, आणि तरीही ते पक्षपाती ठरू शकते. कायद्याने न मागितलेली निश्चिती ते मागते, आणि मालकावरचा भार नकळत कामगाराच्या खांद्यावर ठेवते. मराठीत या बाबतीत सूक्ष्म भेद करण्याची उत्तम सोय आहे. ‘रोग कामामुळे झाला असावा’ यात पुराव्यावरून काढलेले अनुमान आहे. ‘झाला असेल’ यात केवळ अंदाज आहे. ‘झाला असू शकेल’ यात नुसती शक्यता आहे. आणि ‘नाकारता येत नाही’ यात बोलणाऱ्याने आपले मतच राखून ठेवले आहे. यांपैकी कोणते रूप पुराव्यास शोभते, हे ठरविणे म्हणजेच निःपक्ष असणे. मालकाच्या बाजूने बोलताना ‘असू शकेल’ आणि कामगाराच्या बाजूने बोलताना ‘असावा’, असे एकाच पुराव्यावर जो लिहील, त्याचे क्रियापदच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

दुसरे वाक्य अधिक फसवे आहे : ‘दोष आढळला नाही.’ या रचनेत कर्ता लुप्त आहे. कोणी पाहिले, कशाने पाहिले, केव्हा पाहिले, हे वाक्य सांगत नाही. मँगनीज मेंदूत साठले असता एमआरआयच्या चित्रात विशिष्ट खूण दिसू शकते. परंतु मँगनीजशी संपर्क तुटल्यावर ती काही काळाने पुसट होत जाते, विकार मात्र राहू शकतो. काम सोडून काही वर्षे झालेल्या कामगाराच्या चित्रात खूण नसल्यास ‘दोष आढळला नाही’ हे खरे. पण ‘म्हणून विषबाधा नव्हती’ हे त्यातून निघत नाही. निःपक्ष तज्ज्ञ ही मर्यादा स्वतःहून लिहील. तसेच हा विकार कंपवातासारखा भासतो, हेही तो कामगाराच्या बाजूने साक्ष देत असला तरी लपविणार नाही.

मतापूर्वी प्रश्न येतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत कापसाच्या धुळीपासून होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा रोग याचे उत्तम उदाहरण आहे. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, हे त्याचे प्रमुख लक्षण, आणि शिलिंग यांनी केलेली या रोगाची प्रतवारी मुख्यतः कामगाराच्या उत्तरावर आधारलेली आहे. ‘सोमवारी त्रास होतो काय?’ असे विचारले आणि कामगाराची सुटी रविवारी नसली, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि रोग कागदावरून नाहीसा होईल. पूर्व विदर्भात तर झाडीबोलीत सांगितलेली व्यथा प्रमाण मराठीत समजून घेतली जाते व इंग्रजीत नोंदविली जाते. प्रत्येक पायरीवर काही गळते. म्हणून कामगाराचे मूळ शब्द अहवालात जसेच्या तसे राहिले पाहिजेत.

१८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तज्ज्ञाचे मत ग्राह्य होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तेच तत्त्व आहे. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाचे कर्तव्य स्पष्ट केले : निष्कर्ष तपासण्याची शास्त्रीय कसोटी न्यायाधीशापुढे ठेवावी, म्हणजे त्यास स्वतंत्रपणे मत बनविता येईल. अर्थात तज्ज्ञाने निवाडा द्यावयाचा नसून निवाड्याची साधने पुरवावयाची असतात.

तेव्हा असा अहवाल हाती आल्यास विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. कामगारास काय विचारले, आणि कोणत्या शब्दांत? ‘नाही’ म्हणताना काय तपासले व काय तपासले नाही? आणि निष्कर्षाचे क्रियापद पुराव्याइतकेच बोलते, की कमी-अधिक? तज्ज्ञाचे अंतःकरण न्यायालयास दिसत नाही. त्याचे वाक्य दिसते. एखाद्या कुटुंबाचा उदरनिर्वाह त्या वाक्यावर अवलंबून असतो, हे लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही विसरता कामा नये.