सीएनसी मिलिंग यंत्राचे स्थलांतर व उभारणी

अनेक दाते असलेल्या फिरत्या कर्तकाने कार्यवस्तूवरील धातू कापून तिला आकार देणाऱ्या यंत्रास मिलिंग यंत्र किंवा चक्री कर्तन यंत्र म्हणतात. त्याच्या निरनिराळ्या अक्षांवरील हालचाली संगणकास दिलेल्या अंकीय आज्ञांनुसार होत असल्यास ते संगणकीय अंकीय नियंत्रणाचे, म्हणजेच सीएनसी, यंत्र होय. असे यंत्र एका जागेवरून काढून दुसरीकडे नेणे, पायावर बसविणे व त्याची मूळची अचूकता पुन्हा प्रस्थापित करणे या क्रियांचा समावेश स्थलांतर व उभारणीत होतो. यंत्राची अचूकता केवळ त्याच्या घडणीत नसते. यंत्र, त्याखालचा पाया, त्यास मिळणारी वीज आणि नियंत्रकाच्या स्मृतीतील आकडे या चारांच्या मेळातून ती निर्माण होते. यंत्र हलविल्यावर हा मेळ मोडतो व तो नव्या जागी पुन्हा जमवावा लागतो.

अंकीय नियंत्रणाची कल्पना अमेरिकेत जॉन टी. पार्सन्स यांनी पुढे आणली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये छिद्रित फितीवरील आज्ञांनुसार चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्याच्या नियंत्रकात निर्वात नलिका वापरलेल्या होत्या. पुढे सूक्ष्मप्रक्रियक आले आणि यंत्राविषयीची माहिती नियंत्रकाच्या स्मृतीत साठविली जाऊ लागली. तेव्हापासून यंत्राबरोबर ही स्मृतीही सुखरूप नेण्याची जबाबदारी आली.

पूर्वतयारी : यंत्र बंद करण्यापूर्वी त्याच्या भूमितीची मोजमापे जुन्या जागीच घेऊन ठेवतात. नव्या जागी दिसणारा दोष स्थलांतरामुळे आला की तो आधीपासून होता, हे या नोंदीवरूनच ठरविता येते. अक्षांच्या मर्यादा, मोटरींचे वेग, स्क्रूच्या आट्यांतील त्रुटींसाठी दिलेल्या दुरुस्त्या इत्यादींचे आकडे नियंत्रकात असतात. अनेक नियंत्रकांत ही स्मृती बॅटरीवर टिकून असते. यंत्र काही महिने बंद राहून बॅटरी संपल्यास आकडे पुसले जातात आणि लोखंडी भाग शाबूत असूनही यंत्र चालेनासे होते. म्हणून या माहितीची प्रत वेगळी काढून ठेवतात. बॅटरी जुनी असल्यास ती नियंत्रक चालू असतानाच बदलतात. नंतर टेबल व स्पिंडलचे शीर्ष निर्मात्याने दिलेल्या कड्यांनी व आधारांनी जखडतात, प्रतिभार असल्यास तो बांधतात, शीतक द्रव काढून टाकतात व उघड्या पृष्ठांस गंजरोधक तेल लावतात. सोडविलेल्या प्रत्येक तारेवर व नळीवर खुणेची चिठ्ठी लावतात.

उचलणे व वाहतूक : मध्यम आकाराच्या उभ्या यंत्राचे वजन काही टन भरते व स्तंभामुळे त्याचा गुरुत्वमध्य उंचावर आणि मागील बाजूस असतो. त्यामुळे यंत्र निर्मात्याने दाखविलेल्या ठिकाणीच धरून उचलावे लागते. दोन पट्ट्यांनी उचलताना प्रत्येक पट्टी आडव्या पातळीशी ६०° कोन करीत असेल, तर तिच्यावर एकूण वजनाच्या सु. ५८ टक्के ताण येतो. हाच कोन ३०° झाल्यास प्रत्येक पट्टीवर संपूर्ण वजनाइतका ताण येतो. पट्ट्या आखूड घेण्याची काटकसर त्यामुळे प्राणघातक ठरू शकते. उचललेल्या यंत्राखाली कोणीही उभे राहू नये, हा नियम कोणत्याही कारणास्तव मोडावयाचा नसतो.

जागा व पाया : लहान व मध्यम यंत्रे जाड प्रबलित काँक्रीटच्या जमिनीवर समायोज्य आधारांवर ठेवता येतात. मोठ्या यंत्रांसाठी स्वतंत्र पाया व फाउंडेशन बोल्ट लागतात. जमिनीतील सांधा यंत्राखाली येऊ देत नाहीत. काँक्रीटचे प्रमाण बल २८ दिवसांचे धरले जाते. घाईने कच्च्या पायावर बसविलेले यंत्र पुढे आपली पातळी बदलत राहते. घण व दाबयंत्रे यांची कंपने जेथे पोचतात अशी जागा टाळतात, तसेच थेट ऊनही टाळतात. १ मी. लांबीचा पोलादी भाग तापमानातील १° से. वाढीने सु. ०·०११ मिमी. लांबतो. यंत्राच्या एका बाजूवर दुपारचे ऊन पडल्यास ती बाजू अधिक प्रसरण पावते व स्तंभ किंचित वाकतो.

समतलन : ०·०२ मिमी. प्रति मी. इतका उतार दाखविणारी पाणसळ टेबलावर दोन दिशांनी ठेवून आधार खालीवर करतात. वस्तुतः संपूर्ण यंत्र एकसंधपणे किंचित कलले, तरी त्याच्या भूमितीत फारसा फरक पडत नाही. दोष उत्पन्न होतो तो बैठकीस पीळ पडल्याने. पीळ पडलेल्या बैठकीवरील मार्गिका वाकड्या होतात व टेबल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना डोलते. हा डोल १ मी.ला ०·०४ मिमी. असेल, तर टेबलापासून ५०० मिमी. उंचीवर कर्तक ०·०२ मिमी.ने चुकतो. गुरुत्वाकर्षणाची दिशा ही सर्वत्र सहज उपलब्ध असणारी संदर्भरेषा असल्यामुळे हा पीळ पाणसळीने ओळखता येतो. आधी मुख्य आधारांवर पातळी साधून नंतर उरलेले आधार केवळ टेकतील इतके आवळतात. काही दिवसांनी व त्यानंतर काही महिन्यांनी पातळी पुन्हा तपासतात.

वीज व हवा : जपानमधून आणलेली कित्येक यंत्रे २०० व्होल्ट दाबासाठी बनविलेली असतात. भारतात त्यांना योग्य रोहित्र जोडावे लागते. त्रिकला पुरवठ्यातील कलांचा क्रम उलटा झाल्यास तेलाचे व शीतकाचे पंप उलट फिरतात, अक्षांच्या मोटरी मात्र सर्व्हो नियंत्रणामुळे नेहमीप्रमाणेच फिरतात. त्यामुळे ही चूक लक्षात येण्यास वेळ लागतो. भूयोजन सदोष असल्यास नियंत्रकात कारण न सापडणारे बिघाड उद्‌भवतात व कामगारास विजेचा धक्का बसण्याचा धोकाही असतो. दाबित हवा कोरडी व स्वच्छ असावी लागते.

तपासणी : जखडलेले सर्व भाग मोकळे केल्याची खात्री करूनच अक्ष प्रथम अगदी सावकाश चालवितात. स्थाननिदर्शकांची स्मृती नष्ट झाली असल्यास संदर्भबिंदू नव्याने ठरवावे लागतात. ते चुकल्यास हत्यार बदलणारा हात स्पिंडलवर आदळू शकतो. यानंतर अक्षांची परस्पर लंबता आणि स्पिंडलची टेबलाशी असलेली लंबता डायल गेजने पाहतात. यांत्रिक हत्यारांच्या अशा चाचण्यांना जर्मन अभियंते गेऑर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पद्धतशीर रूप दिले. आज आयएसओ २३० ही आंतरराष्ट्रीय मानकमाला प्रचारात आहे. स्थाननिश्चितीची अचूकता लेसर व्यतिकरणमापकाने आणि वर्तुळाकार गतीतील दोष बॉलबारने मोजतात. शेवटी चौरस, वर्तुळ व छिद्रे असलेला नमुना कापून त्याची मापे घेतात व ती जुन्या नोंदीशी ताडून पाहतात.

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या औद्योगिक केंद्रांतील लहान कारखान्यांत एकाच यंत्रावर साऱ्या कामाची भिस्त असल्यास ते लवकर चालू करण्याची निकड मोठी असते. तथापि समतलन व तपासणी वगळून वाचविलेले दोन दिवस पुढे नाकारल्या गेलेल्या मालाच्या रूपाने भरून द्यावे लागतात. यंत्र चालू झाले म्हणजे उभारणी संपली असे होत नाही. नव्या जागी ते पूर्वीइतकेच अचूक काम देते हे मोजमापांनी सिद्ध झाल्यावरच उभारणी पूर्ण होते.