फुटबॉलमधील दुखापती : मोजमाप आणि प्रतिबंध

5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरवा क्रीडांगणावर गोव्याच्या धेंपो संघाने मोहन बागानला 2-0 असे नमवून फेडरेशन चषक जिंकला. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्टियानो ज्युनियरचे होते. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला व त्याचा मृत्यू झाला. मैदानावरील मृत्यू ही विरळा घटना असते. हंगामपूर्व हृदयतपासणी आणि मैदानालगत तत्काळ उपचाराची सोय हे त्यावरील प्रमुख उपाय होत. मात्र खेळाडूंचे नेहमीचे नुकसान होते ते स्नायू व सांध्यांच्या दुखापतींमुळे.

हा धोका मोजता येतो. जो अधिक खेळतो त्याला इजेची शक्यताही अधिक. म्हणून दुखापतींची नुसती संख्या न पाहता दर 1,000 तासांच्या खेळामागील प्रमाण काढले जाते. युरोपातील अव्वल संघांचा अभ्यास 2001 पासून सुरू आहे. त्यानुसार हे प्रमाण सरावात सुमारे 4, तर सामन्यात सुमारे 27 आढळले. 25 खेळाडूंच्या संघाला एका हंगामात जवळपास 50 दुखापती होतात. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश स्नायूंच्या असतात.

शारीरिक क्षमतेचा येथे थेट संबंध येतो. सामन्याच्या प्रत्येक अर्धाच्या अखेरीस, म्हणजे थकवा वाढल्यावर, दुखापतींचे प्रमाण वाढते. पूर्वीची इजा पूर्ण बरी होण्याआधी मैदानात परतणे हेही मोठे कारण आहे.

प्रतिबंधाचा खर्च अल्प आहे. धावणे, स्नायुबल आणि तोल यांवर आधारित ‘फिफा 11+’ हा सरावपूर्व व्यायाम सुमारे 20 मिनिटांचा असतो. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींवरील 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे गंभीर दुखापती सुमारे 45 टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

बंगळुरूत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे दक्षिण केंद्र आहे; 2013 मध्ये स्थापन झालेला बंगळुरू एफसीसारखा व्यावसायिक संघही आहे. अशा ठिकाणी भौतिकोपचार तज्ज्ञ नेमणे शक्य असते. जिल्हा पातळीवरील खेळाडूच्या उपचाराचा आणि बुडालेल्या उत्पन्नाचा भार मात्र बहुधा कुटुंबावर पडतो. खेळाडूचे शरीर हे मानवी भांडवल असून त्याचा उपयोगकाल अल्प असतो. म्हणूनच प्रशिक्षकांना प्रतिबंधक व्यायामाचे शिक्षण देणे आणि स्पर्धांमधील दुखापतींची नियमित नोंद ठेवणे, ही क्रीडाविकासातील सर्वांत किफायतशीर गुंतवणूक ठरते.