आवाज पोचतो, पण उशिरा

हिंजवडीत बसून अमेरिकेतला संगणक चालवणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे. तिकडचा पडदा इथे दिसतो, इथे दाबलेली कळ तिकडे उमटते आणि काम सुरळीत चालतं. पण मीटिंगसाठी इथला यूएसबी हेडसेट त्या दूरच्या संगणकाला जोडून दिला, की शब्द तुटायला लागतात. वेबकॅम दिला, की चेहरा गोठतो. ‘नेट स्लो आहे’ असं म्हणून आपण विषय संपवतो. नेटचा वेग मात्र बहुतेक वेळा पुरेसा असतो. खरी अडचण समजून घ्यायची तर यूएसबीच्या केबलमध्ये काय चालतं ते पाहायला हवं.

यूएसबीचं पहिलं मानक १९९६ साली आलं. त्यात एक नियम घालून दिलेला होता आणि यूएसबी २.० पर्यंत तो जसाच्या तसा टिकला: उपकरणाने आपणहून बोलायचं नाही. संगणकाने विचारलं, तरच उत्तर द्यायचं. विचारण्याच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या. पेन ड्राइव्हचा मजकूर वाटेत बिघडला, तर संगणक तो पुन्हा मागवतो. थोडा उशीर झाला तरी चालतो, फाइल अचूक यायला हवी. ध्वनी आणि चित्र यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ‘आयसोक्रोनस’ नावाची पद्धत आहे. ती एसटीच्या आरक्षणासारखी आहे: जागा तुमच्यासाठी राखलेली असते, पण गाडी वेळेवर सुटते, आणि चुकली तर त्या गाडीत पुन्हा चढता येत नाही. आयसोक्रोनस पॅकेट बिघडलं तर ते परत मागवलं जात नाही. मागवण्यात अर्थही नसतो, कारण ते येईपर्यंत पुढचा आवाज वाजवायची वेळ झालेली असते.

या राखीव जागांचं वेळापत्रक किती काटेकोर असतं हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. साध्या यूएसबी हेडसेटला संगणक दर मिलिसेकंदाला एकदा विचारतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारा मायक्रोफोन असेल, तर दर खेपेला बरोबर ४८ नमुने जातात. सीडीच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आवाज असेल, तर वाट्याला ४४.१ नमुने येतात, आणि नमुन्याचा दहावा भाग काही पाठवता येत नाही. म्हणून नऊ खेपांना ४४ नमुने आणि दहाव्या खेपेला ४५, असा हिशेब जुळवला जातो.

त्यात आणखी एक गुंता आहे. हेडसेटचं घड्याळ वेगळं आणि संगणकाचं वेगळं. दोन्हीत क्वार्ट्झचे स्फटिक असतात, पण कोणतेही दोन स्फटिक अगदी एका वेगाने कंप पावत नाहीत. दहा लाखांत पन्नास इतकाच फरक धरला, तरी तासाभरात ८,६४० नमुन्यांची तफावत पडते. हा फरक भरून काढला नाही, तर आवाजात मधूनमधून ‘टक्’ असा खटका येतो. म्हणून चांगली ध्वनी उपकरणं संगणकाला सतत कळवत राहतात, की आता किंचित जास्त नमुने पाठव, आता किंचित कमी. मीटरभर केबलमध्ये हा संवाद विनासायास चालतो, आणि मला त्याचं नेहमीच कौतुक वाटत आलं आहे.

आता ही केबल इंटरनेटवरून लांबवून पाहू. जपानमधल्या नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ताकाहिरो हिरोफुची यांनी नेमकं हेच केलं. ‘यूएसबी/आयपी’ या त्यांच्या पद्धतीवरचा शोधनिबंध २००५ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे ती लिनक्सचा भाग बनली. कल्पना मोठी सुंदर आहे. दूरच्या संगणकात यूएसबीचं एक आभासी पोर्ट तयार करायचं. तिथल्या ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या आज्ञावलीने, विचारलेला प्रत्येक प्रश्न नेटवर्कवरून इथे आणायचा, खऱ्या उपकरणाला विचारायचा आणि उत्तर परत पाठवायचं. त्या ड्रायव्हरला वाटतं, उपकरण आपल्याच शेजारी आहे. एकाच इमारतीच्या नेटवर्कवर हे छान चालतं.

समुद्रापलीकडे मात्र गणित फिसकटतं. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली, तरी एका बाजूला ६२ मिलिसेकंद आणि जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षातल्या केबलचा मार्ग वळणावळणाचा, त्यामुळे त्याहून जास्तच. लिनक्समधला वेबकॅमचा ड्रायव्हर एका वेळी पाच मागण्या रांगेत लावून ठेवतो. प्रत्येक मागणीत जास्तीत जास्त ३२ पॅकेटं, आणि यूएसबी २.० वर पॅकेट दर १२५ मायक्रोसेकंदांनी. म्हणजे सगळी रांग मिळून २० मिलिसेकंदांची. ती संपली, की पुढची मागणी समुद्रापलीकडून येईपर्यंत कॅमेऱ्याला कोणी काही विचारतच नाही. १२५ मिलिसेकंदांतले १०० हून जास्त असे कोरडे जातात. इंटरनेटचा वेग दहापट केला तरी यात फरक पडत नाही.

शिवाय यूएसबी/आयपी चालते इंटरनेटच्या टीसीपी या नियमसंचावर, आणि टीसीपी हरवलेलं पॅकेट मिळेपर्यंत मागच्या सगळ्यांना थांबवून ठेवतो. ज्या प्रवाहाने हरवलेल्याचा नाद सोडून पुढे जायचं, तो असा अडकून पडतो.

म्हणून दूरनियंत्रणाच्या आजच्या चांगल्या व्यवस्था केबल लांबवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. हेडसेट वापरणाऱ्याच्याच संगणकाला जोडलेला राहतो आणि मिलिसेकंदांचं वेळापत्रक तिथेच पाळलं जातं. नेटवर्कवरून जातो तो फक्त दाबून लहान केलेला आवाज, आणि दूरच्या संगणकाला एक आभासी मायक्रोफोन दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये आवाजासाठी आणि कॅमेऱ्यासाठी असे वेगळे मार्ग आहेत, आणि २०१२ पासून त्यात थांबून न राहणाऱ्या यूडीपीचाही वापर होतो. त्याच वर्षी प्रमाणित झालेला ‘ओपस’ हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करणारी पद्धत, साधारणपणे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो. कच्चा स्टिरिओ आवाज सेकंदाला १५ लाख बिट खातो, तर बोलणं ओपसमध्ये ३०-४० हजारांत स्पष्ट ऐकू येतं. मधला एखादा तुकडा हरवला, तर आजूबाजूच्या आवाजावरून तो अंदाजाने भरला जातो.

तरीही उशीर उरतोच. संभाषण सहज वाटायला बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. मीटिंगमधला सहकारी पुण्यातच बसलेला असेल आणि आवाज अमेरिकेतल्या संगणकाला वळसा घालून येत असेल, तर ही मर्यादा हमखास ओलांडली जाते. अशा वेळी मीटिंगचा आवाज इथल्या संगणकावरूनच थेट नेणारी सोय सुरू करून घ्यावी. कार्यालयाच्या आयटी विभागाकडे ती आग्रहाने मागावी इतकी ती महत्त्वाची आहे.

उशिराची सर्वांत जास्त झळ पोचते ती दृष्टिहीनांना. स्क्रीन रीडरच्या आधाराने काम करणाऱ्याला आवाज हाच पडदा असतो. दाबलेल्या प्रत्येक कळीचं उत्तर कानाने मिळतं. ते मागे पडलं, की टायपिंगची लयच बिघडते. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरसाठी २०१५ साली आलेल्या ‘एनव्हीडीए रिमोट’ने यावर जो मार्ग काढला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत समंजस वाटतो. त्यात दूरच्या संगणकाचा बोललेला आवाज पाठवलाच जात नाही. जे बोलायचं आहे त्याचा मजकूर पाठवला जातो, आणि वापरणाऱ्याचा स्वतःचा संगणक तो त्याच्या सवयीच्या आवाजात, सवयीच्या वेगाने वाचतो. ब्रेल डिस्प्लेवरही तो उमटतो. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे साठ चिन्हांचं मराठी वाक्य २०० बाइटच्या आत बसतं. तेच बोलून कच्च्या आवाजात पाठवलं, तर दर सेकंदाला १,९२,००० बाइट लागतील. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकला मराठी वाचता येतं, म्हणून हे आपल्या भाषेतही होतं. २०२५ पासून ही सोय एनव्हीडीएमध्येच अंतर्भूत आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

प्रकाशाचा १२५ मिलिसेकंदांचा फेरा इथेही चुकत नाही, पण त्यावर कोडेक आणि आवाज काही क्षण साठवून ठेवणारा बफर यांच्या उशिराची भर पडत नाही, आणि शब्द मध्येच तुटत नाही. दूरच्या संगणकावरचं व्याख्यान किंवा गाणं ऐकायचं असेल, तर मजकुराचा हा मार्ग कामाचा नाही. तिथे ध्वनिप्रवाहच लागतो, आणि म्हणून दृष्टिहीन वापरकर्त्यांना दोन्ही मार्ग एकाच वेळी उघडे ठेवता यायला हवेत.