आळ बॅटरीवर

सेल्फ मारला की नुसतं कट्‌कट् वाजतं, हॉर्न खोकतो. गिऱ्हाईक गॅरेजात शिरतानाच निकाल सांगून मोकळं होतं, "मामा, बॅटरी गेली, नवीन टाका." आमचे वायरमन मामा हुं म्हणतात आणि मल्टीमीटर काढतात.

बंद गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या घरात म्हणजे उतरलेली. पण का उतरली? उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंग तपासलं तर मीटर भलतंच काही सांगतो, म्हणून मामा आधी ती चार्जरला लावतात. मग इंजिन चालू करून रेस वाढवायची. आकडा १४ ते १४.५ वर थांबला तर सगळं ठीक. १५ च्या पुढे गेला तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं. बॅटरीचं पाणी उकळणारच.

परवाच्या गाडीचा आकडा रेस कितीही दिली तरी १२.४ च्या वर जाईना. मामांनी सीट काढली आणि मॅग्नेटच्या कॉईलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडवला. कॉईलच्या बाजूला मीटर एसीवर ठेवून दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या तपासल्या. किती व्होल्ट हवेत ते गाडीगणिक बदलतं. तिन्ही आकडे सारखे हवेत, हे महत्त्वाचं. सारखे होते. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर बॉडीशी तपासली, बीप वाजली नाही. म्हणजे कॉईल बॉडीला लागलेली नव्हती.

मग मामांनी कपलर उजेडात धरला. पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळलेलं, आतली पिन काळी. पिन सैल झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्सने ती तापते, तापून आणखी सैल होते. तीनपैकी एक फेज अशी तुटली की बॅटरीला पुरेसा करंट पोचत नाही. त्यात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो आणि सिग्नलला आयडलवर मॅग्नेट जेमतेमच करंट देतो. वर हौसेने लावलेले फॉग लाइट!

नव्या पिना, नवा कपलर. आकडा १४.२.

तुमच्या गाडीला कोणी नवी बॅटरी सुचवली, तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: चालू इंजिनावर मीटर किती दाखवतो?