बंबाची उष्णता जाते कुठे?

यवत परिसरातल्या गुऱ्हाळांत जाळ काहिलीच्या बुडालाच लागतो. पाणी तापवायच्या बंबात मात्र तो मधल्या नळकांड्यात असतो. भोवती पाणी असल्याने बरीच उष्णता पाण्यातच उतरते.

● धातू : उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विन, सुमारे) : तांबे 400, पितळ 110, लोखंडी पत्रा 50, स्टेनलेस स्टील 15.

● मांडणी : पत्रा पातळ असतो, त्यामुळे धातूपेक्षा जाळ कसा खेळतो हे महत्त्वाचे. तापलेली हवा नळकांड्यातून वर चढते आणि जाळीखालून ताजी हवा ओढते. म्हणून राख साचू देऊ नका.

● अडसर : आतली काजळी आणि पाण्याच्या बाजूचा क्षारांचा थर उष्णता अडवतात. दोन्ही वेळच्या वेळी खरवडा.

● जपणूक : रिकाम्या बंबात जाळ केला, तर सांध्यांचा डाख सुटतो.