अंगण फोडण्याआधी

बोअरमध्ये मोटर अडकली की वाळवा तालुक्यात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. कॅमेरेवाल्याला फोन जातो, तो वायरीचं रीळ घेऊन येतो. केसिंग कुठं फुटलंय, मोटर किती फुटांवर तिरकी झालीय, हे सगळं घर त्या छोट्या पडद्याभोवती दाटीवाटीनं उभं राहून बघतं. त्याच घरातला संडास तुंबला तर मात्र पहार, घमेलं आणि ‘हितंच आसंल बघा’ म्हणत फरशीकडं बोट दाखवणारा शेजारी. पोरानं कॅमेऱ्याचं नाव काढलंच, तर ठरलेलं उत्तर येतं: ‘बोअरात सोडत्यात की कॅमेरा. संडासाच्या पायपात कोण सोडतंय?’

सोडतात. मुंबई-पुण्यात महापालिकेच्या मोठ्या मलवाहिन्या अशाच तपासल्या जातात, आणि घराच्या 4 इंची पाइपात जाणारा कॅमेरा जेमतेम अंगठ्याएवढ्या जाडीचा असतो. त्याच्या भोवती एलईडी दिवे, मागं फायबरची ताठ पण वळणारी केबल. बोअरचा कॅमेरा वजनानं खाली जातो, हा हातानं ढकलत न्यावा लागतो, एवढाच काय तो फरक. केबल किती मीटर आत गेली ते पडद्यावर दिसत राहतं. चांगल्या यंत्राच्या टोकाशी 512 हर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर असतो. जमिनीवर दुसरं उपकरण फिरवलं की कॅमेरा नेमका कुठं आणि किती खोल आहे ते कळतं. तिथं फक्कीची खूण करायची. सगळं अंगण उकरायचं की दोन फूट, हे त्या खुणेवर ठरतं.

पण कॅमेरेवाल्याला बोलावण्याआधी चेंबरची झाकणं उघडून बघा. फुकटातलं निदान आहे हे. घराजवळचं चेंबर भरलंय आणि पुढचं कोरडं आहे, म्हणजे अडथळा त्या दोघांच्या मधे. सगळीच भरली असतील तर दोष शेवटच्या चेंबरच्या पुढं, नाहीतर सेप्टिक टँक गळ्यापर्यंत आलेली. टँक भरली असेल तर कॅमेरा काय दाखवणार? मैला उपसणारी गाडी बोलवायची. चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस मात्र उतरवायचा नाही. आतला विषारी वायू क्षणात माणूस आडवा करतो. असं काम करून घेणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. हे ठाऊक असूनही ‘जरा वाकून बघ की’ म्हणणारे मालक अजून भेटतात.

कॅमेऱ्याची खरी गरज असते ती परत परत तुंबणाऱ्या पाइपाला. रॉड मारला, आठ-पंधरा दिवस बरं चाललं, पुन्हा पाणी वर आलं, असं असेल तर आत काहीतरी कायमचं बिघडलेलं असतं. या भागात ते काय असू शकतं, याचं निम्मं उत्तर जमिनीतच आहे. कृष्णा आणि वारणेच्या मधली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्याबरोबर पाइप हलतो, सांधा सरकतो. जुन्या घरांतले भाजक्या मातीचे, सिमेंटनं सांधलेले पाइप असतील तर विचारायलाच नको. सरकलेल्या सांध्यातून ओलाव्याच्या मागानं पिंपळाची, उंबराची केसाएवढी मुळी आत येते आणि तिचा झुबका होतो. पडद्यावर तो पाण्यात हलणाऱ्या दाढीसारखा दिसतो. त्यात तेलकट खरकटं, केस, शाम्पूच्या पुड्या अडकत जातात.

दुसरा नेहमीचा दोष झोळ. खालचा भराव दबला की पाइप मधेच खचतो. कॅमेरा कोरड्यातून चालता चालता पाण्यात बुडतो आणि दोन-तीन मीटरवर पुन्हा वर येतो. तेव्हा घरातले नळ बंद असले पाहिजेत, नाहीतर वाहतं पाणीच झोळ समजून पाइप उकरला जायचा. 4 इंची पाइपाला साधारण 40 फुटांना 1 फूट ढाळ धरतात. तो नसला तर पाणी निघून जातं आणि मैला मागं राहतो. इथली गंमत अशी, की क्षारपड रानात सच्छिद्र पाइप टाकताना हाच माणूस ढाळासाठी इंचा-इंचाला भांडतो, आणि घराचा पाइप गवंड्याच्या अंदाजावर सोडून देतो.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही आहेत. गढूळ मैल्यात त्याला काही दिसत नाही, म्हणून आधी रॉड नाहीतर पाण्याचा जोरदार फवारा मारून लाइन मोकळी करावी लागते. संडासाच्या भांड्याच्या वळणातून तो सहसा जात नाही, चेंबरमधूनच सोडावा लागतो. आणि तो दुरुस्ती करत नाही. हे सांगायचं कारण, कॅमेरा घातला म्हणजे काम झालं अशा समजुतीनं पैसे देणारे असतात, आणि चित्र न दाखवताच ‘सगळी लाइन बदला’ म्हणणारेही. रेकॉर्डिंग आपल्या मोबाइलवर मागून घ्यावं, मीटरच्या आकड्यासकट. पहिल्या चेंबरपासून किती मीटरवर काय दिसलं, हे घराच्या नकाशामागं पेन्सिलीनं लिहून ठेवलं तर पुढच्या गवंड्याला पहार घेऊन चाचपडायला नको.

बहुतेक घरांना असा नकाशाच नसतो. वाडा एक होता तेव्हा पाइपही एक होता. पुढं वाटण्या झाल्या, भिंती उठल्या, दारं वेगळी झाली, पण जमिनीखालचा पाइप सामाईकच राहिला. तो कुणाच्या मोरीखालून जातो हे सांगणारं माणूस केव्हाच गेलेलं असतं. अशा घरात कॅमेरा पुढं सरकत असताना मधेच डाव्या अंगाला एक गोल भोक दिसतं आणि त्यातून ताजं, साबणाचं पाणी येऊ लागतं. पडद्याभोवतीची गर्दी एकदम गप्प होते. कॅमेरेवाला आकडा वाचतो, साडेसात मीटर, आणि सगळ्यांच्या माना चुलत्याच्या भिंतीकडं वळतात.