एक डबा छापून मिळेल का?

डोक्यात एखादा बोर्ड गेम घोळतोय? छापखान्यात गेलात की पहिला प्रश्न येतो, 'किती हजार काढायचे?' इथेच निम्मे गेम खपतात. म्हणजे विकले जात नाहीत, मरतात!

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स आणि कंपनीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या १००० प्रती काढल्या. खोकी घरीच भरली, पण भांडवलासाठी पार्टनर घ्यावा लागला. त्याच विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये २००९ साली 'द गेम क्राफ्टर' सुरू झालं. तुम्ही फाइल अपलोड करायची, ऑर्डर आली की ते डबा छापून पाठवणार. पलंगाखाली गठ्ठे नाहीत. मला हा फंडा जाम आवडतो.

पण बॉस, गोम आहेच. ऑफसेटवर प्रती वाढल्या की दर धाडकन उतरतो, इथे फारसा नाही. त्यात दुकानदाराचं कमिशन धरलं तर तुमच्या हाती चहापुरते उरतात. पोकर साइजचे पत्ते तिथे एका शीटवर १८ बसतात. एकोणिसावा पत्ता म्हणजे नवी शीट, नवा खर्च! म्हणून गेम बनवणाऱ्या दोस्तांना मी आधी कात्री घ्यायला सांगते. घरच्या प्रिंटरवर काढा, लंच टाइममध्ये खेळवा, कंटाळवाणे पत्ते उडवा. मग एकच प्रत मागवा. आणि शिपिंग, कस्टम्स धरूनच बजेट करा. अमेरिकेतून पुण्यात येईपर्यंत हा आकडा डब्याच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.